पाण्याच्या टाकीजवळची खुर्ची आणि बोलणारं यंत्र

सात रस्त्याजवळ एका शिक्षण संस्थेची जुनी कचेरी आहे. आत शिरलं की डाव्या हाताला पिण्याच्या पाण्याची टाकी, आणि टाकीला लागून लाकडी हातांची एक खुर्ची. कचेरीत येणाऱ्या-जाणाऱ्यांचं त्या खुर्चीकडे लक्षही जात नाही. धर्मपाल सरवदे मात्र रोज सकाळी आत येताना आपली पांढरी काठी डावीकडे जरा जास्तच फिरवतो. खुर्चीच्या पायाला काठी लागली, टक्कन आवाज आला, की तो भराभर आस्थापना विभागाकडे निघून जातो. एवढी भीती वाटते तर काठी फिरवतोच कशाला, असं कोणी विचारेल. पण साप खोलीत आहे हे कळल्यावर तो कुठल्या कोपऱ्यात आहे हे बघितल्याशिवाय आपल्याला तरी कुठं चैन पडतं?

त्या खुर्चीवर धर्मपाल दोन वर्षं बसला होता.

आधी तो कचेरीतला सगळ्यात झपाट्याने टाइप करणारा माणूस. मग काचबिंदूनं कडेकडेनं नजर खाल्ली, आणि त्याला कळेपर्यंत मधलीही संपली. कायद्यानं नोकरी गेली नाही. तेव्हाचे अधीक्षक हिंदुराव यांनी त्याचा हात हातात घेतला आणि दाटल्या गळ्यानं म्हणाले, "धर्मपाल, आता तुम्ही कसली दगदग करायची नाही. निवांत बसायचं. पगार कुठं जात नाही." आणि टाकीजवळ सावली असते, गार वाटतं, म्हणून त्यांनी स्वतः उभं राहून ती खुर्ची तिथं ठेवून घेतली. हिंदुराव माणूस मनाचा चांगला. हीच तर पंचाईत होती. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

तर धर्मपाल तिथं बसायचा. लोक पाणी प्यायला यायचे, "काय सरवदे, बरं आहे ना?" म्हणायचे, आणि तो तोंड उघडेपर्यंत गेलेले असायचे. पेला ठेवल्याचा आवाज यायचा, तेवढंच. दिवसभर काहीच करायचं नाही हे काम किती अवघड असतं, ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. शेवटी त्याची बोटं आपोआप चालायला लागली. मांड्यांवर. मराठीच्या कळफलकावर स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला असतात, तसेच डाव्या मांडीवर स्वर आणि उजव्या मांडीवर व्यंजनं. मनात येईल ते तो मांडीवर टाइप करायचा. नळ नीट बंद करा. आज डब्याला मेथी आहे. मला काम द्या. मला काम द्या. मांडीवरचं कोण वाचणार? सरवदेच्या हाताला कसला तरी कंप सुटलाय, असं कचेरीत बोललं जायचं.

पुढे अक्कलकोटच्या सिद्रामप्पांची गाठ पडली. हे स्वतः जन्मापासून आंधळे, अंधांना संगणक शिकवण्यात त्यांची उमर गेली. त्यांनी धर्मपालला बोलणारा संगणक शिकवला. कळ दाबली की यंत्र अक्षर बोलून दाखवतं, ओळ वाचून दाखवतं. धर्मपाल परत टाइप करू लागला, हिंदुरावांनी जरा घाबरतच त्याला टेबल दिलं, आणि बघता बघता कचेरीची निम्मी पत्रं त्याच्या हातून जाऊ लागली. खुर्ची सुटली. बोटांची खोड मात्र सुटली नाही. भीती वाटली की ती चालायची. टेबलाच्या कडेवर, रिक्षाच्या दांडीवर, ताटाच्या काठावर. "आवं, बोटं आवरा की," असं त्याची बायको कीर्ती म्हणायची. पण ती हेही समजायची की आज कचेरीत काहीतरी झालंय.

या उन्हाळ्यात ताटाचा काठ रोजच वाजू लागला.

झालं असं, की नवी विंडोज कचेरीतल्या जुन्या यंत्रांना पेलवेना, आणि सगळ्या यंत्रांवर विंडोजऐवजी लिनक्स नावाची फुकटची प्रणाली चढवायचं ठरलं. दिसणाऱ्यांना त्याचं काय! चित्र बदललं तर चार दिवस कुरकुर करायची आणि पाचव्या दिवशी विसरायचं. पण धर्मपालसाठी सगळं यंत्र म्हणजे एक आवाज. तो आवाज नव्या यंत्रात असेल का, हे कोणी त्याला सांगेना. हिंदुराव आता संस्थेचे सचिव झाले होते. त्यांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं.

"त्याच्यावर तुमचं ते बोलणारं चालंल का हो?"

"चालंल की साहेब," धर्मपाल म्हणाला. काही माहीत नसताना म्हणाला.

"कुठलं घ्यायचं ते तुम्हीच निवडा. त्यातबी बरेच प्रकार असतात म्हणे. महिनाअखेरीला संचालकांना हॉलमध्ये सगळं दाखवायचंय, तुम्हीबी एक पत्र टाइप करून दाखवा. त्यांची खात्री पटंल." आणि मग प्रेमानं, अगदी प्रेमानं ते पुढे म्हणाले, "आणि न्हाय जमलं तर जिवाला लावून घेऊ नका. तुमची जागा हाय की."

कुठली जागा, ते दोघांनाही ठाऊक होतं. धर्मपालची बोटं केबिनच्या दाराच्या कडीवर चालू लागली.

निवडा म्हणे! दुकानात साडी निवडतात तसं हे निवडायचं कसं? कचेरीची यंत्रं बघणारा अनिलकुमार होता तसा मदतीला. पद्मशाली घरातला हुशार गडी, फोनवर आईशी तेलुगूत आणि कचेरीत सगळ्यांशी घाईघाईच्या मराठीत बोलणारा. सगळ्यांना जे देणार होता तेच त्यानं धर्मपालच्या यंत्रावर चढवून आणलं.

"दादा, लई भारी दिसतंय बघा. निळंशार. खालनं चिन्हं कशी उसळून येतात!"

"बोलतंय का?"

"बोलंल की. सेटिंगमध्ये जाऊन चालू करायचं."

"सेटिंगमध्ये कोण जाणार?"

"मी जातो की दादा."

"आणि तू न्हाईस तवा?"

अनिलकुमारनं सेटिंगमध्ये जाऊन आवाज चालू करून दिला, ते बोललंही. पण यंत्र बंद करून परत चालू केलं तर परवलीचा शब्द विचारायच्या जागी ते मुकंच. धर्मपाल कळांवर हात ठेवून बसला. समोर यंत्र चालू आहे की बंद, ते त्याला काही विचारतंय की झोपलंय, काही कळेना. पंखा तेवढा फिरत होता. दिसणं गेलं तेव्हाचा पहिला महिना त्याला आठवला.

संध्याकाळी मिलिंदनगरच्या घरी येऊन त्यानं सिद्रामप्पांना फोन लावला.

"अरे धर्मा, दिसतं भारी ते आपल्याला काय करायचं रे?" अप्पा फोनवरही वर्गात बोलल्यासारखे मोठ्यानं बोलायचे. "चढवतानाच बोलतं का, ते बघ आधी. चढवायलाच दुसऱ्याचे डोळे लागत असतील तर ते घर आपलं न्हवंच, भाड्याचं. लिनक्समधलं डेबियन घे तू. चालू झालं की ते पीप करतंय बघ, पीप. तेवढं ऐकायचं, इंग्रजी एस दाबायचा, एंटर मारायचा. मग तेच बोलत बोलत सगळं विचारतंय तुला. आणि वरचं घर, म्हंजे मेनू-खिडक्यांची मांडणी, त्यात मेट घे. साधं असतंय. मेनू एका जागी, खिडक्या सरळ. रोज उठून बदलत न्हाय. नव्या माणसाला त्येच पायजे."

"आणि अप्पा, काम करता करता आवाजच गेला तर?"

"त्याला कळा हायत की. ऑल्ट, विंडोजची कळ आणि एस. ऑर्का झोपला असला तर उठतोय." ऑर्का म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा त्यातला प्रोग्राम.

"आणि तरीबी न्हाय बोललं तर?"

"तर शेजारच्याला विचारायचं, बाबा रे, काय दिसतंय सांग. त्यात काय? होगली बिडू! लई विचार करतोस तू."

कानडीतलं हे 'जाऊ दे, सोड' अप्पांना शोभायचं. त्यांनी आयुष्यभर बिनदिक्कत लोकांना विचारलं होतं. बस कुठली, भाजी ताजी का, शर्ट उलटा तर नाही ना. धर्मपालला ते जमत नव्हतं. टेबल परत मिळाल्यापासून त्यानं कचेरीत एकदाही कोणाला 'काय दिसतंय' म्हणून विचारलं नव्हतं. दुपारी डबा खाताना सगळे हॉलमधल्या मोठ्या टीव्हीवर क्रिकेट बघायचे, साहेबांना ऐकू जाऊ नये म्हणून आवाज पार बंद करून, तेव्हाही तो धावा विचारायचा नाही. कोणी ओरडलं तर त्यावरून अंदाज बांधायचा. एकदा विचारलं की आपण परत खुर्चीवर, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. मनानं घेतलेल्याला औषध नसतं.

रविवारी सकाळी कीर्ती बाजारात गेल्यावर तो घरच्या जुन्या यंत्रासमोर बसला. घरच्या यंत्राला पडदा नव्हताच. आंधळ्याच्या टेबलावर त्याचं काय काम, म्हणून तो कधीच मेहुणीच्या घरी देऊन टाकला होता. कचेरीतल्या त्याच्या टेबलावरचा पडदाही अनिलकुमारनं परवाच, दुसऱ्या कुणाचा बिघडला तेव्हा, काढून नेला होता. पेटी, कळफलक आणि दोन स्पीकर, एवढाच धर्मपालचा संगणक. त्यानं अनिलकुमारनं दिलेला पेनड्राइव्ह लावला आणि यंत्र चालू केलं.

काही नाही. मग आणखी काही नाही. बाहेर भंगारवाला ओरडत गेला, त्याच्या ओरडण्यात पीप निसटलं तर, या धास्तीनं धर्मपालनं कान यंत्राच्या पेटीला टेकवला. पेटी गरम होती. आणि अगदी कानाखाली ते वाजलं. पीप.

त्यानं एस दाबला. एंटर मारला. थांबला. देवाबिवाचं नाव घेणारा तो नव्हे, पण मनात कशाकशाला हात जोडत होता. आणि स्पीकर खरखरला, आणि पत्र्यावर घासल्यासारखा एक कोरडा, बेसूर आवाज भाषा कुठली हवी म्हणून विचारू लागला. इतका वाईट आवाज आणि इतका आवडलेला आवाज धर्मपालनं जन्मात ऐकला नव्हता. आवाज विचारेल त्याची उत्तरं धर्मपाल देत गेला. कीर्ती पिशव्या घेऊन परत आली तेव्हा यंत्र नव्यानं चालू होऊन परवलीचा शब्द विचारत होतं, बोलून विचारत होतं, आणि धर्मपाल डोळे पुसत होता.

"झालं का हो?"

"झालं."

"मग रडायला काय झालं?"

"तू भाकरी टाक," तो म्हणाला.

निवड झाली. अनिलकुमारनं तेच कचेरीच्या यंत्रावर चढवलं, आणि धर्मपालनं दोन्हीकडे सराव केला. मेनू, खिडक्या, पत्राचा कागद, जपून ठेवणं, सगळं. पत्र पुरं झालं की ते सुरुवातीपासून यंत्राकडून वाचून घ्यायचं आणि मगच पुढे द्यायचं, ही त्याची जुनी शिस्त. ती कळही त्यानं नव्या यंत्रावर शोधून बोटाला लावून घेतली. तरी भीती गेली नाही. ती फक्त खाली बसली. महिनाअखेर जवळ आली तशी ताटाचा काठ, खाटेची पाटी, रिक्षाची दांडी, सगळं वाजायला लागलं.

त्या दिवशी हॉल भरला होता. खुर्च्या सरकल्याचे, खोकल्याचे, बांगड्यांचे आवाज. अनिलकुमारनं धर्मपालचं यंत्र आणि स्पीकर आणून टेबलावर मांडले. यंत्र चालू झालं, बोललं. धर्मपालनं परवलीचा शब्द टाकला, पत्राचा कागद उघडला, आणि यंत्रानं ते स्वच्छ सांगितलं. मागे कोणीतरी "अरे वा" म्हणालं. त्याच्या छातीवरचा दगड जरासा हलला.

"पण आम्हाला काही दिसत नाही," एक संचालक म्हणाले. "टीव्हीला जोडा ना."

"जोडतो की साहेब," अनिलकुमार म्हणाला. खट्ट असा बारीक आवाज झाला. मागून लोक म्हणाले, "हां, आता दिसलं."

"लिहा, धर्मपाल," हिंदुराव म्हणाले. "प्रति, सर्व मुख्याध्यापक. विषय, उन्हाळी सुट्टीतील शाळागृह दुरुस्ती."

धर्मपालनं 'प' दाबला.

यंत्र काही बोललं नाही.

त्यानं 'प्रति' पुरतं टाइप केलं. एकेक अक्षर बोलून दाखवणारा आवाज गेला होता. विहिरीत दगड टाकावा आणि पाण्याचा आवाजच येऊ नये तसं झालं. त्यानं अप्पांनी सांगितलेल्या कळा दाबल्या. थांबला. परत दाबल्या. स्पीकरला हात लावला, तो गरम होता, म्हणजे चालू होता. मग काय गेलं? निवडलं तेच चुकलं का? दिसणाऱ्यांचं निळंशार घ्यायला हवं होतं का? आणि सगळ्यात वाईट म्हणजे हॉलमधलं एकही माणूस बोलेना. खोकलाही थांबला होता. एवढ्या माणसांत ती शांतता कशाची आहे ते त्याला बरोबर ओळखता आलं. दयेची. टाकीजवळ दोन वर्षं ऐकलेली.

विचार, असं अप्पा म्हणाले असते. काय दिसतंय, विचार. त्यानं तोंड उघडलं आणि शब्द फुटेना. बोटं मात्र चालू लागली. त्यांना थांबवणं त्याच्या हातात कधीच नव्हतं. यंत्र मेलंय, मग हा कळफलक काय आणि मांडी काय, सारखंच. तो टाइप करत राहिला. आता दुरुस्तीचं पत्र नव्हतं ते. आत जे होतं तेच बाहेर येत होतं, कुठं जातंय याची पर्वा न करता. हिंदुराव पुढचं वाक्य सांगायचे थांबले आहेत, हेही त्याच्या ध्यानात आलं नाही. शेवटी बोटं दमली. आणि शिस्तीप्रमाणे, लिहून झालं की दाबायची ती वाचून दाखवण्याची कळ त्यांनी दाबली.

त्याच वेळी अनिलकुमारच्या डोक्यात एकदाचा उजेड पडला. टीव्ही जोडला की यंत्राचा आवाज स्पीकर सोडून टीव्हीत जातो, आणि या टीव्हीचा आवाज तर क्रिकेटपायी कायमचा बंद! पडदा लावून काम करणाऱ्या माणसाला हे कधीतरी आढळलंच असतं. धर्मपालनं सगळा सराव पडद्याशिवाय केला होता. अनिलकुमारनं धावत जाऊन रिमोट घेतला आणि आवाज उघडला.

आणि भिंतीवरून, सगळ्यांच्या डोक्यावरून, तो कोरडा बेसूर आवाज मोठ्यानं वाचू लागला.

"प्रति. मला परत टाकीजवळ बसवू नका. तिथं लोक बरं आहे ना विचारतात आणि उत्तर द्यायच्या आत जातात. मला पगार नको असं नाही पण मला काम द्या. मी दोन वर्षं मांडीवर टाइप करत होतो. कोणी वाचलं नाही."

आवाज थांबवायची कळ धर्मपालच्या करंगळीखालीच होती. करंगळी हलली नाही. वाचून संपल्यावर त्याला कळलं, की हे सगळं नुसतं ऐकू गेलेलं नाही. एकेक अक्षर उमटताना एवढ्या मोठ्या भिंतीवर हे सगळे मघापासून बघत होते. तो टाइप करत असतानाची शांतता यामुळे होती. त्याला वाटलं, जमीन फाटावी. नाहीतर टेबलाखाली जावं. नोकरीचं जे व्हायचं ते होवो, पण इथून उठून काठी कुठं ठेवली ती सापडावी.

"मला वाटायचं," हिंदुरावांचा आवाज आला, आणि तो पुन्हा तसाच दाटलेला होता, "मला वाटायचं, तुमाला तिथं बरं वाटत असंल. गार असतंय तिथं म्हणून..."



धर्मपालनं घसा खाकरला. मग इतक्या वर्षांत कचेरीत कोणालाही न विचारलेलं त्यानं विचारलं. "साहेब, ते पडद्यावर अजून दिसतंय का?"

"दिसतंय."

"मग पुसतो. चुकून झालं."

त्यानं पुसायच्या कळेकडे बोट नेलं. तेवढ्यात खुर्ची सरकली, चपलांचा आवाज टेबलापर्यंत आला आणि हिंदुरावांचा हात त्याच्या हातावर पडला.

"थांबा, धर्मपाल. मी वाचतोय अजून. वाचून झालं की सांगतो, मग मुख्याध्यापकांचं पत्र पुरं करू."